अंड्यातले पिवळे आणि रक्तातले कोलेस्टेरॉल

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. वय एकाहत्तर. उभे आयुष्य गणित शिकवण्यात गेले. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सर न्याहारीला बसले होते. ताटलीत दोन उकडलेली अंडी होती. सरांनी ती सुरीने उभी चिरली, पिवळे गोळे अलगद काढून मांजराच्या बशीत टाकले आणि पांढरा भाग मीठमिरी लावून खाल्ला. शेजारी बसलेल्या नातवानेही आजोबांचे पाहून पिवळे बाजूला सारले.

"पिवळं म्हणजे नुसतं कोलेस्टेरॉल. आमचं दोनशे छत्तीस आलंय," सर म्हणाले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचे काय, असे आम्ही विचारले. "पिवळंच सोडलं, मग गोळी कशाला?" असे उत्तर मिळाले. दुपारी जेवायला थांबण्याचा आग्रह झाला. बेत अर्थातच मटण आणि पांढऱ्या रश्श्याचा होता. रात्री झोपताना पेलाभर म्हशीचे दूध, सायीसकट, हा सरांचा तालमीत जायच्या दिवसांपासूनचा नेम आहे. तो अजून चालू होता.

सरांनी मांडलेल्या या गणितात एक पद चुकले आहे, असे आम्हाला वाटले. असे गणित आज घरोघरी मांडले जाते. म्हणून ते पायरीपायरीने सोडवून पाहू.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ आहे. पित्ताशयातल्या खड्यांत तो प्रथम सापडला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1815 च्या सुमारास त्याचा अभ्यास करून त्याला नाव दिले. नावाचा अर्थ 'पित्तातला घन पदार्थ'. (हे शेव्रल महाशय पुढे 102 वर्षे जगले!)

हा पदार्थ विष मुळीच नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात तो असतो. पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि कितीतरी संप्रेरके त्याच्यापासूनच तयार होतात. तो इतका आवश्यक आहे, की शरीर आहारावर विसंबून राहत नाही. यकृत आणि इतर पेशी मिळून तो रोज सुमारे 800 ते 1000 मिलिग्रॅम घरच्या घरी तयार करतात. आहारातून येणारा भाग बहुधा याहून बराच कमी असतो, आणि त्यातलाही सरासरी निम्माच आतड्यातून शोषला जातो.

आता रक्त हे पाणीदार आणि कोलेस्टेरॉल मेणासारखे. मग ते रक्तातून वाहणार कसे? त्यासाठी शरीर त्याला प्रथिनांच्या वेष्टनात घालून लहान लहान कणांच्या रूपात पाठवते. या कणांना मेदप्रथिने म्हणतात. यकृताकडून पेशींकडे माल नेणाऱ्या गाड्यांचे शेवटचे रूप म्हणजे एलडीएल, आणि उरलेला माल गोळा करून यकृताकडे परत आणण्यात भाग घेणारे ते एचडीएल. एलडीएलच्या गाड्या रस्त्यात फार झाल्या, की त्यांतल्या काही रोहिणीच्या भिंतीत शिरतात आणि तिथे वर्षानुवर्षे थर साचत जातो. हृदयविकाराचे मूळ तिथे असते.

या गाड्या रक्तातून उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर खास ग्राहके असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन जोडीला 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातले एलडीएल किती राहील, हे मुख्यतः या ग्राहकांची संख्या किती, यावर ठरते. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढे तो लागणार आहे.

संशय अंड्यावर का आला?

1913 साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनिच्कोव्ह या तरुण रशियन शास्त्रज्ञाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. काही आठवड्यांत सशांच्या रोहिण्यांत माणसाच्या रोगासारखे थर दिसू लागले. प्रयोग अचूक होता, पण ससा शाकाहारी प्राणी. त्याच्या नेहमीच्या खाण्यात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते आले की काय करावे याची सोय त्याच्या शरीरात नीटशी नाही. उंदीर किंवा कुत्रा यांच्यावर तोच प्रयोग केला तर तसे सहजासहजी घडत नाही. माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे.

पुढे रक्तातले कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचे नाते माणसांतही पक्के झाले. मग विचार असा झाला: रक्तातले कोलेस्टेरॉल वाईट, अंड्यात कोलेस्टेरॉल पुष्कळ, म्हणून अंडे वाईट. 1968 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन पिवळे बलक, असा सल्ला दिला. एका अंड्याच्या बलकात सुमारे 180 ते 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. पांढऱ्यात ते नसतेच. तेव्हा बलकच आरोपी ठरला.

यातले पहिले विधान बरोबर, दुसरेही बरोबर. पण त्यांवरून तिसरे विधान निघण्यासाठी 'खाल्लेले कोलेस्टेरॉल जसेच्या तसे रक्तात साठते' हे आणखी एक विधान गृहीत धरावे लागते. तेच तपासायचे राहिले होते.

पंचवीस अंडी खाणारे आजोबा

1991 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक विलक्षण नोंद छापून आली. 88 वर्षांचे एक गृहस्थ निदान पंधरा वर्षे रोज सुमारे 25 मऊ उकडलेली अंडी खात होते. ती खाण्याचा त्यांना एक मानसिक छंदच जडला होता. त्यांच्या रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल होते 200, म्हणजे चारचौघांसारखेच.

हे कसे? तपासणीत दिसले, की त्यांचे आतडे खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपैकी फक्त 18 टक्केच शोषून घेत होते. शिवाय यकृत पित्ताम्ले नेहमीच्या दुप्पट तयार करून कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावत होते. नळाला पाणी जास्त आले की टाकीतला तरंगता गोळा वर येऊन तोटी बंद करतो, तसाच हा प्रकार.

अर्थात एका माणसावरून नियम ठरत नाही, आणि या आजोबांचे अनुकरण कोणी करू नये. सर्वांची 'तोटी' एवढी चांगली चालत नाही. बहुतेकांत आहारातले कोलेस्टेरॉल वाढले तर रक्तातले थोडेच वाढते, पण काही जणांत ते बऱ्यापैकी वाढते. अनेक प्रयोग एकत्र करून काढलेली सरासरी सांगते, की आहारात रोज 100 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल वाढवले, तर रक्तात डेसिलिटरमागे दोन ते तीन मिलिग्रॅम वाढ होते. म्हणजे रोजच्या एका अंड्याचे झाले चार-पाच. सरांच्या 236 मधून रोजची दोन बलके वजा केली, तरी हिशेब 225 च्या आसपासच थांबतो. एवढ्या भरवशावर त्यांनी गोळी सोडून दिली होती!

खरा वाटेकरी कोण?

यकृतावरच्या ग्राहकांची आठवण आता करू. आहारातली संपृक्त मेदाम्ले या ग्राहकांचे काम मंदावतात. ग्राहके कमी पडली की एलडीएलच्या गाड्या रक्तात तुंबतात. म्हणून खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा खाल्लेल्या संपृक्त मेदाचा परिणाम जास्त होतो.

अंड्यात संपृक्त मेद किती? एका अंड्यात एकूण मेद सुमारे 5 ग्रॅम, पैकी संपृक्त जेमतेम दीड ग्रॅम. आता सरांचा रात्रीचा पेला घेऊ. म्हशीच्या दुधात साडेसहा टक्के मेद धरला, तर 200 मिलिलिटरमध्ये 13 ग्रॅम मेद येतो. दुधाच्या मेदापैकी जवळजवळ दोन तृतीयांश संपृक्त असतो, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅम. एका पेल्यात पाच अंड्यांइतका संपृक्त मेद! पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध असते, आणि नारळाच्या मेदात तर दहापैकी नऊ भाग संपृक्त. मटणाची चरबी आणि वरून तूप वेगळेच.

गंगावेशीत डोळ्यांसमोर धार काढून दूध देणाऱ्या गावात दुधाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पहाटे उठून हजार जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाला तो पेला शोभतो. पण तालीम सुटून पन्नास वर्षे झाली आणि पेला तेवढा राहिला, तर हिशेब बिघडणारच.

या विचाराला बळ देणारा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. 61 जणांना पाच-पाच आठवडे तीन प्रकारचे आहार आळीपाळीने देण्यात आले. रोज दोन अंडी पण कमी संपृक्त मेद असलेल्या आहारावर एलडीएलची सरासरी 103.6 भरली. कोलेस्टेरॉल तेवढेच पण संपृक्त मेद जास्त, अशा आहारावर ती 109.3 होती. अंडी वगळली आणि संपृक्त मेद जास्त ठेवला, तेव्हा एलडीएल फारसे खाली आले नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या प्रयोगाला पैसा अंडी-उत्पादकांशी संबंधित संस्थेकडून मिळाला होता. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण वाचताना ते ध्यानात ठेवावे.

मोठ्या पाहण्यांत एकमत नाही, हेही खरे. 2019 साली सुमारे 29,600 अमेरिकन प्रौढांच्या माहितीवरून असे दिसले, की अंडी जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा अधिक असतो. 2020 साली भारतासह 50 देशांतल्या सुमारे 1,77,000 लोकांच्या माहितीत असा संबंध आढळला नाही. असे का व्हावे? अमेरिकेत अंडे बहुधा डुकराचे मांस, लोणी, पांढरा पाव यांच्या सोबतीने पोटात जाते. भुर्जीच्या गाडीवरही अंडे एकटे नसते, तेल आणि बटर लावलेला पाव बरोबर असतो. दोष अंड्याचा किती आणि संगतीचा किती, हे अशा पाहण्यांतून वेगळे काढणे अवघड असते.

आपल्याकडचे चित्र

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आधाराने झालेल्या मधुमेहविषयक मोठ्या पाहणीचा पहिला टप्पा तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथे झाला. त्यातल्या सुमारे 2,000 जणांच्या रक्तातल्या मेदाचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले होते 13.9 टक्के. ट्रायग्लिसराइड जास्त असलेले 29.5 टक्के. आणि एचडीएल कमी असलेले तब्बल 72.3 टक्के!

म्हणजे आपल्याकडे नुसते 'कोलेस्टेरॉल वाढले' एवढ्याने चित्र पुरे होत नाही. ट्रायग्लिसराइड वाढण्यामागे पोटावरची चरबी, बैठे जीवन, साखर, मैदा, पॉलिश केलेला तांदूळ आणि दारू यांचा मोठा हात असतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. अंड्यात पिष्ट आणि साखर जवळजवळ नाही. अंडे सोडून त्या जागी दोन खारी आणि चार चमचे साखरेचा चहा घेतला, तर तो व्यवहार तोट्याचाच ठरतो.

उतारवयात काय बदलते?

वय वाढते तशी यकृताची एलडीएल उचलण्याची ताकद कमी होत जाते. स्त्रियांत पाळी थांबल्यावर एलडीएल वाढते. म्हणजे खाणे तेच असले तरी साठीनंतर आकडा वर सरकू शकतो. तेव्हा कोलेस्टेरॉल तपासत राहणे आवश्यक आहे, यात शंका नाही.

पण दुसरीही बाजू आहे. वयाबरोबर स्नायू झडतात. दात हलतात, भूक मंदावते, एकट्या माणसाला रांधण्याचा कंटाळा येतो आणि मग चहा-पोळीवर भागवले जाते. स्नायू गेले की तोल जातो, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे. म्हणून वृद्धांनी वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. ते मऊ असते, पाच-दहा मिनिटांत शिजते आणि मटणाच्या मानाने फार स्वस्त पडते. ब-12 आणि ड ही जीवनसत्त्वे, कोलीन, डोळ्यांच्या पडद्याला उपयुक्त असे ल्युटीन, हे सारे जवळजवळ पूर्णपणे पिवळ्यातच असते. सरांच्या मांजराची चंगळ होती ती अशी!

सत्तरीपुढच्या 8,756 ऑस्ट्रेलियन लोकांच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आठवड्यातून एक ते सहा वेळा अंडी खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू क्वचित खाणाऱ्यांपेक्षा 29 टक्के कमी आढळले. यावरून 'अंड्याने आयुष्य वाढते' असे मात्र म्हणता येत नाही. जे धडधाकट आहेत तेच अंडी अधिक खात असतील, असेही असू शकते. भीती बाळगण्याचे कारण नाही, एवढे यातून म्हणता येते.

ज्या अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1968 साली तीन बलकांची मर्यादा घातली होती, तिनेच 2019 च्या अखेरीस नवा सल्ला दिला. निरोगी माणसाने सकस आहाराचा भाग म्हणून दिवसाला एक अंडे खाण्यास हरकत नाही. कोलेस्टेरॉल योग्य पातळीत असलेल्या वृद्धांना दोनही चालतील. विज्ञानात मत बदलणे ही नामुष्की नव्हे. पुरावा बदलला की मत बदलायचे, हीच त्याची रीत आहे.

सावध कोणी राहावे, तेही स्पष्ट करू. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे, ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या घराण्यातच फार जास्त कोलेस्टेरॉल आहे, त्यांनी बलकांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. पांढरा भाग त्यांनाही चालतो. आणि अंडे कोणीही खाल्ले तरी वृद्धांनी ते पूर्ण शिजवूनच खावे. कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याची पैलवानी रीत या वयात नको. साल्मोनेला जंतूंचा धोका वृद्धांना अधिक असतो.

गोळीची गोष्ट, पुन्हा अंड्यापाशी

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचे मूळ जपानमध्ये आहे. अकिरा एन्दो यांनी 1970 नंतरच्या काही वर्षांत हजारो बुरशींतून असा एक पदार्थ शोधला, की जो शरीरातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतो. पण उंदरांवर त्याचा परिणाम दिसेना. शोध बासनात जाण्याची वेळ आली. तेव्हा एन्दो यांनी विचार केला, की बलकात इतके कोलेस्टेरॉल ओतणाऱ्या कोंबडीच्या शरीरात ते भरपूर तयार होत असणार. 1976 मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांना तो पदार्थ चारला आणि त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल निम्म्यापर्यंत उतरले. 1987 पासून या गटातली पहिली गोळी बाजारात आली.

स्टॅटिनमुळे यकृतातली निर्मिती घटते. माल कमी पडला की यकृत जास्त ग्राहके बाहेर काढून रक्तातले एलडीएल ओढून घेते. त्यामुळे एलडीएल तीस टक्के किंवा त्याहूनही अधिक खाली येऊ शकते. बलक सोडून मिळणारे काही अंक आणि गोळीने मिळणारी ही घट यांची बरोबरी होत नाही. अंगदुखी वा अन्य त्रास झाला तर मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. पण ते डॉक्टरांना सांगून करायचे.

वर्गात काय करता येईल?

वरच्या वर्गातल्या मुलांना एक रिपोर्ट फळ्यावर लिहून द्यावा. सरांच्या अनुमतीने आम्ही त्यांचाच देतो: एकूण 236, एचडीएल 38, ट्रायग्लिसराइड 200. एलडीएल पुष्कळदा प्रत्यक्ष मोजत नाहीत, ते 1972 सालच्या एका सूत्राने काढतात. एकूण संख्येतून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. 236 वजा 38 वजा 40, उत्तर 158. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, हेही सांगावे.

मुलांना घरातल्या तेला-तुपाच्या वेष्टनांवरची माहिती उतरवून आणायला सांगावी. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असे ठळक छापलेले असेल तर विचारावे, की वनस्पतिजन्य तेलात ते मुळात असते कुठे? मग त्याच वेष्टनावरचा संपृक्त मेदाचा आकडा बारीक अक्षरांत शोधायला लावावा.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगावी. आजोबांचे पथ्य नातवाला लागू नाही. वाढत्या वयाच्या मुलाने बलकासकट अंडे खावे. आपल्या राज्यात नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला होता. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. अशा वेळी ज्या घरात अंडे चालते आणि परवडते, तिथे तरी ते धास्तीपोटी बशीत राहू नये.

सरांचे पुढे काय झाले? हा हिशेब आम्ही त्यांच्या समोर कागदावर मांडला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हातचा धरायचा राहिला की!" दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि गोळी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी आठवड्याला चार बलकांना परवानगी दिली. दूध आता साय काढून अर्धा पेला असते. संध्याकाळी स्टेशनच्या बाजूने अर्धा तास चालणे सुरू आहे. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत एलडीएल 104 आले. पांढरा रस्सा मात्र सुटलेला नाही. तो आता महिन्यातून दोनदा होतो आणि वाटी एकच असते, असे सरांच्या पत्नी सांगतात. नातू हल्ली अख्खे अंडे खातो.